शेवटच्या दिवशी त्याला काय येतं?

बाई, नमस्कार. मी कृषी पदवीधर आहे. यावल तालुक्यातल्या एका संस्थेत यंदा तरुण शेतकऱ्यांसाठी ठिबक सिंचनाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू होतोय. ६० तास, ३० मुलं, आणि शिकवणारी मी एकटी. संस्थेने अभ्यासक्रमाची ध्येयं आणि उद्दिष्टं लिहून मागितली. मी १२ लिहिली: ‘ठिबक सिंचनाची ओळख करून देणे’, ‘देखभालीचे महत्त्व समजावून देणे’, ‘पाणी बचतीची जाणीव निर्माण करणे’ अशी. कागद परत आला आणि वर शेरा: ‘मोजता येतील अशी लिहा.’ विषय मला येतो, दिवसभर बागेत उभी राहून शिकवू शकते, पण हे कागदाचं काम जमत नाही. ध्येय आणि उद्दिष्ट यांत फरक काय? किती लिहायची? आणि खरं विचारू का, मुलांना याचा काही उपयोग असतो का? माझी निम्मी मुलं सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची आहेत. हातात पाना दिला की हुशार, लिहायला बसवलं की गप्प.
– एक शिक्षिका, यावल तालुका

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. हो, उपयोग असतो, आणि लिहायला बसवलं की गप्प होणाऱ्या त्या मुलांनाच तो सगळ्यात जास्त असतो. का, ते पुढे येईलच.

तुमच्या १२ ओळी मी दोनदा वाचल्या. सगळ्या ‘णे’वर संपतात: करून देणे, समजावून देणे, निर्माण करणे, रुजवणे. मराठीतल्या या ‘णे’ची एक सोय आहे. कर्ता सांगावाच लागत नाही. आता प्रत्येक ओळीला विचारा, हे करणार कोण? ओळख करून देणार तुम्ही. महत्त्व समजावणार तुम्ही. जाणीव निर्माण करणार, तीही तुम्हीच. १२ पैकी ११ ओळींत काम करणाऱ्या तुम्ही एकट्या आहात आणि ३० मुलं नुसती बसून आहेत. तुम्ही ६० तास मनापासून बोललात की या ११ ओळी पूर्ण झाल्या, मग मुलांना काही येवो न येवो. (बाराव्या ओळीकडे मी शेवटी येणार आहे, ती वेगळी आहे.)

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी प्राथमिक शिक्षकांचं दहा दिवसांचं एक प्रशिक्षण मी घेतलं. विषय होता प्रश्नपत्रिका काढणं. माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, ‘मूल्यमापनाची संकल्पना स्पष्ट करणे.’ नऊ दिवस मी ती स्पष्ट केली. सगळ्यांच्या वह्या भरल्या. दहाव्या दिवशी सहज म्हटलं, चौथीच्या अपूर्णांकांवर पाच प्रश्न काढा. बहुतेकांनी पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायातले प्रश्न आकडे बदलून दिले. त्यात त्यांचा दोष नव्हता. नऊ दिवसांत मी त्यांच्याकडून एकही प्रश्न तयार करून घेतला नव्हता, कारण ‘शिक्षक प्रश्न तयार करतील’ असं माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. तेव्हापासून अभ्यासक्रमाचा कागद मी शेवटच्या दिवसापासून लिहायला घेते.

आपल्याकडे मुलगा शिकून घरी आला की आजी विचारते, ‘काय येतं रे तुला?’ ‘तुला काय समजावून सांगितलं’ असं ती कधी विचारत नाही. उद्दिष्ट लिहिताना तो आजीचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा आणि वाक्याची सुरुवात ‘विद्यार्थी’ या शब्दाने करा. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

निम्मंच, कारण ‘विद्यार्थ्याला देखभालीचं महत्त्व समजेल’ असंही लिहिता येतं आणि तेही चालत नाही. इथे आपली भाषाच मदतीला येते. त्याला समजतं, त्याला कळतं, त्याला वाटतं, त्याला आवडतं, त्याला माहीत असतं: ज्या क्रियापदांना ‘त्याला’ लागतं, त्या गोष्टी त्याच्या आत घडतात आणि बाहेरून दिसत नाहीत. तो जोडतो, मोजतो, उघडतो, निवडतो, कारण सांगतो: यांना ‘तो’ लागतो, आणि या समोर उभं राहून पाहता येतात. नियम अगदी पक्का नाही, ‘तो जाणतो’ हेही दिसत नाही. पण दहातल्या नऊ वेळा ही कसोटी लागू पडते, आणि ती वापरायला क्रियापदांचा तक्ता भिंतीवर लावावा लागत नाही. मग कळण्याला किंमत नाही का? आहेच. पण कळलंय हे तुम्हाला कशावरून दिसेल, ते लिहायचं आहे.

आता ध्येय आणि उद्दिष्ट. ध्येय म्हणजे हा अभ्यासक्रम कशासाठी, याचं उत्तर. एक पुरे, फार तर दोन. ते थोडं दूरचं आणि मोठं असू द्या, त्याला मोजपट्टी लावायची नाही. तुमच्यासाठी मी असं लिहीन: ‘विहिरी आणि बोअरचं पाणी खोल चाललेल्या या पट्ट्यात, स्वतःच्या बागेला किती पाणी आणि किती खत जातंय याचा हिशेब स्वतः ठेवणारे तरुण केळी उत्पादक तयार व्हावेत.’ तुमची ‘पाणी बचतीची जाणीव’ इथे येते. ती तीन महिन्यांत मोजायच्या फंदात पडू नका. ‘विद्यार्थ्यांची जाणीव ८० टक्के वाढेल’ असली वाक्यं मी पाहिली आहेत आणि ती वाचून मला खरोखर वाईट वाटतं. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, तिथलं छात्रालय सांभाळत होते. त्या मुलांना त्यांच्याकडून जे मिळालं ते कुठल्या रकान्यात भरणार? अशा गोष्टींसाठी ध्येयाची ओळ असते. ती मनापासून लिहा आणि तिला मोजमापातून मोकळं सोडा.

उद्दिष्ट मात्र जवळचं, शेवटच्या दिवशी डोळ्यांना दिसणारं. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६२ मध्ये त्याचे तीन भाग सांगितले. विद्यार्थी काय करील, कोणत्या परिस्थितीत करील, आणि किती चांगलं केलं म्हणजे जमलं म्हणायचं. साठ वर्षं उलटली तरी कामाला येणारी याहून सोपी मांडणी मला सापडलेली नाही.

तुमचीच ओळ घेऊ, ‘देखभालीचे महत्त्व समजावून देणे’. देखभालीचं महत्त्व ज्याला कळलं तो मुलगा बागेत जाऊन काय करतो? तो लॅटरलवरच्या (ओळीतून जाणाऱ्या नळीवरच्या) ड्रिपरखाली, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीखाली, भांडं धरतो. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल, तर ३ मिनिटांत भांड्यात २०० मिली पाणी जमायला हवं. मग उद्दिष्ट असं होतं:

‘चालू ठिबक संच, मोजपात्र आणि घड्याळ दिल्यावर विद्यार्थी एका लॅटरलवरच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरचा प्रवाह मोजील, १० टक्क्यांहून जास्त फरक असलेले ड्रिपर ओळखील, आणि फरकाचं कारण सांगून पुढे काय करायचं ते ठरवील.’

लांबलचक झालं, कबूल. पण यात काय काय आलं ते बघा. १८० ते २२० मिलीच्या आत असेल तर ठीक, हा निकष मिळाला. ‘चालू संच’ म्हटल्यामुळे परीक्षा वर्गात होणार नाही, बागेत होईल, हे ठरून गेलं. आणि ‘कारण सांगून’ या दोन शब्दांत खरं शिक्षण आहे. पाणी सुरुवातीपासून शेवटापर्यंत हळूहळू कमी होत गेलं असेल तर दाब पुरत नाही किंवा लॅटरल जास्त लांब झाली आहे. मधलाच एखादा ड्रिपर कमी पडत असेल तर तो चोंदलाय. पहिल्या ड्रिपरपासून सगळी लॅटरलच मंद असेल आणि शेजारच्या ठीक असतील, तर ती सबमेनला, म्हणजे लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीला, जोडते तिथे जाऊन बघायला हवं. तीन भांड्यांतल्या पाण्यावरून ज्या मुलाने हे ओळखलं, त्याला देखभालीचं महत्त्व वेगळं समजावायला नको. आता ‘पाण्याचा दाब आणि प्रवाह’ या पाठाला तास किती द्यायचे, हेही तुम्हाला याच ओळीतून कळेल.

निकष नेहमी आकड्यातच हवा असं मात्र मानू नका. आपल्याकडे भरिताचं वांगं काड्यांवर भाजतात तेव्हा झालं की नाही कसं बघतात? देठाजवळ दाबून. तिथे मऊ लागलं म्हणजे आतपर्यंत शिजलं. आकडा नाही, तरी निकष इतका पक्का की दोन घरच्या दोन बायका एकच उत्तर देतील. तुमच्या कामातही असे निकष आहेत. ‘जोडातून थेंब गळत नाही.’ ‘लॅटरलचं टोक उघडल्यावर शेवटी स्वच्छ पाणी येतं.’ तुम्ही बघा किंवा दुसरं कुणी बघो, निर्णय सारखाच यायला हवा. शेरा मारणाऱ्यांच्या मनातलं ‘मोजता येतील’ याचा अर्थ माझ्या मते एवढाच आहे.

काही ठिकाणी मात्र निकषात जराही ढील नको. क्षारांनी चोंदलेल्या ड्रिपरसाठी तुम्ही अ‍ॅसिड प्रक्रिया शिकवणार, शेवाळासाठी क्लोरीन. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र येऊ द्यायचं नाही, विषारी वायू तयार होतो. हातमोजे आणि चष्मा घालायचा. या उद्दिष्टाला ‘१० पैकी ८ वेळा बरोबर’ असा निकष लावला, तर उरलेल्या दोन वेळांत कुणाचे तरी डोळे जातील. इथे लिहा: ‘प्रत्येक वेळी, एकही पायरी न चुकता.’ आणि ज्या मुलाला हे जमत नाही त्याला ती प्रक्रिया एकट्याने करू देऊ नका, बाकी सगळ्यात तो कितीही पुढे असला तरी.

परिस्थितीच्या भागाबद्दल एक. खताचा हिशेब तुम्ही घेणारच. शिफारस नत्राची असते आणि दुकानात गोणी युरियाची मिळते. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे २.३ किलो नत्र द्यायचं तर ५ किलो युरिया. हा हिशेब विद्यार्थी ‘मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर वापरून’ करील असं बिनधास्त लिहा. बागेत उभा असताना त्याच्या खिशात मोबाइल असतोच. जी साधनं त्याला खऱ्या कामात मिळणार आहेत ती परीक्षेत काढून घेतली, तर तुम्ही भलतंच काहीतरी तपासाल. पाढे पाठ आहेत का हे तपासायचं असेल तर ते वेगळं उद्दिष्ट झालं, आणि ठिबकच्या अभ्यासक्रमात ते नको.

आता एका धोक्याबद्दल, कारण ‘मोजता येतील अशी लिहा’ हा शेरा वाचून माणसं हमखास तिकडे वळतात. जे मोजायला सोपं तेच लिहिलं जातं. ‘विद्यार्थी ठिबक संचाच्या आठ भागांची नावं सांगेल.’ कर्ता विद्यार्थी, क्रिया दिसणारी, आकडाही आहे. कागद लगेच मंजूर होईल. पण आठ नावं घडाघडा म्हणणाऱ्या मुलाच्या बागेत पाणी पोचेलच असं नाही. नावं त्याला लागतील, पण ती मोजता-जोडताना आपोआप तोंडी बसतात. मी डी.एड.च्या मुलींची पाठ टाचणं अनेक वर्षं तपासली. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने, आणि ज्ञानाचा रकाना नेहमी तुडुंब भरलेला. म्हणून प्रत्येक उद्दिष्टापुढे एक प्रश्न लिहून ठेवा: हे येत नसेल तर बागेत काय बिघडेल? उत्तर सुचलं नाही तर ओळ खोडा.

तुमच्याकडून बहुधा ब्लूमच्या पायऱ्याही मागतील. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या पायऱ्यांची ही मांडणी केली, २००१ मध्ये ती सुधारली गेली. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. तिचा एकच उपयोग करा. सगळी उद्दिष्टं लिहून झाली की ती कोणकोणत्या पायरीवर पडतात ते बघा, आणि सगळी पहिल्या दोन पायऱ्यांवर असतील तर पुन्हा बसा. उंच पायरीचं क्रियापद आधी उचलून त्याला वाक्य चिकटवू नका. ‘विद्यार्थी ठिबक सिंचनाचे समीक्षात्मक मूल्यमापन करील’ हे कागदावर भारदस्त दिसतं, पण बागेत त्या दिवशी कुणी नेमकं काय करायचं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता तुमच्या पाड्यांवरच्या मुलांकडे येते. क्रियापद निवडताना आपण नकळत मुलंही निवडतो. ‘व्हेंच्युरीचे कार्य लिहील’ असं तुम्ही लिहिलंत की लिहिता न येणारा मुलगा तिथेच नापास झाला, जरी व्हेंच्युरी (पाण्याच्या प्रवाहात खत ओढून घेणारं साधन) तो तुमच्यापेक्षा चटकन बसवत असला तरी. लिहिणं हे तुमच्या अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट आहे का? नसेल तर ‘बसवून दाखवील आणि खत ओढलं जात नसेल तर का ते सांगेल’ असं लिहा. सांगेल तो कुठल्याही बोलीत सांगू दे, पावरीत, तडवीत, लेवा गणबोलीत, अहिराणीत. तुम्हाला ती बोली पुरती येत नसेल तर गटातला दुसरा मुलगा मराठीत सांगेल. एक गोष्ट मात्र लिहून घ्या: पाण्याची आणि खताची नोंदवही. ती त्याला पुढे लागणार आहे, बँकेत आणि अनुदानाच्या कागदांतही. तिथे लिहिणं हीच क्रिया आहे, म्हणून तिथे ‘नोंदवील’ हे क्रियापद बरोबर. तारीख, वाजले किती, किती मिनिटं, कोणतं खत, किती किलो, एवढे पाच रकाने गप्प बसणारा मुलगाही तीन महिन्यांत भरायला लागेल, रोज भरले तर.

किती लिहायची, हा प्रश्न राहिला. ६० तासांना पाच, फार तर सहा. एकेक उद्दिष्ट घ्या आणि अंदाज करा, ३० मुलांतल्या प्रत्येकाने ते निदान तीन वेळा स्वतःच्या हाताने करायचं तर किती तास जातील? ड्रिपर मोजण्याला मी आठ तास धरीन. दहा उद्दिष्टं असतील तर एवढ्यानेच ८० तास झाले आणि तुमच्याकडे ६० आहेत. अशा वेळी आपण प्रत्येक गोष्ट थोडी थोडी उरकतो. त्यापेक्षा चार उद्दिष्टं काढून टाका. काढताना त्रास होईल, कारण विषय तुमचा जिव्हाळ्याचा आहे. हवामान केंद्र, स्वयंचलित व्हॉल्व, सगळं सांगावंसं वाटेल. एखाद्या दुपारी गप्पांत सांगा, उद्दिष्टांत घालू नका.

प्रत्येक उद्दिष्टाशेजारी त्याची परीक्षा त्याच दिवशी लिहून टाका. उद्दिष्टात ‘मोजील’ आणि परीक्षेत ‘टिपा लिहा’ असं झालं की मुलं टिपाच पाठ करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. परीक्षेत जे विचाराल तेच त्यांच्यासाठी खरं उद्दिष्ट असतं.

संस्थेकडे जाणारा कागद औपचारिक असू द्या. त्यांनाही तो पुढे दाखवायचा असतो. शाळांत २०१७ पासून अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं त्याच्या याद्या, आल्या, महाविद्यालयांतही मूल्यांकनासाठी हेच मागतात, त्यामुळे शेरा मारणाऱ्यांवर रागावू नका, त्यांनी योग्य तेच मागितलं आहे. पण पहिल्या दिवशी मुलांसमोर वाचायचा कागद वेगळा करा, त्यांच्या तोंडी शोभेल असा. ‘मला आमच्या बागेतला चोंदलेला ड्रिपर शोधता येईल.’ ‘मला हजार खोडांना लागणारं खत काढता येईल.’ तो वर्गात नको, पंपाच्या खोलीच्या दारावर चिकटवा. जे जमलं त्यापुढे मुलाने स्वतः खूण करायची.

आणि तुमची बारावी ओळ. अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी: ‘फिल्टर उघडून, धुऊन परत बसवता येणे.’ ही ओळ मुलाच्या हातांबद्दल आहे. ती बागेत दिसते, आणि ते आलं नाही तर पूर्ण संच बंद पडतो. तिच्यापुढे ‘दोन्ही बाजूंच्या दाबमापकांवरचा फरक वाढलेला पाहून’ एवढी सुरुवात आणि ‘गळती न होता’ एवढा निकष जोडा, आणि तिला पहिल्या क्रमांकावर आणा. बाकीच्या तिच्यासारख्या लिहा. पहिल्या आठवड्यात तीच शिकवा, म्हणजे गप्प बसणाऱ्या मुलांच्या कागदावर पहिली खूण लवकर पडेल.